विषय: विनावीज हायड्रॅम पंपाच्या हवेच्या टाकीत पाणी भरणे आणि तुमच्या मदत केंद्राचे आजचे उत्तर

यापुढे मी फोन करणार नाही. जे सांगायचं ते लेखी.

लांजा तालुक्यात आमच्या बागेखालच्या पऱ्यावर (ओढ्यावर) तुमचा हायड्रॅम, म्हणजे वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने पाणी वर चढवणारा पंप, बसवलाय. तीन मीटर उतार, तीस मीटर चढ, मिनिटाला 60 लिटर आवक. तुमच्याच माहितीपत्रकाच्या हिशेबाने वर मिनिटाला साडेतीन लिटर, म्हणजे दिवसाला 5 हजार लिटर चढायला हवं. सुरुवातीला चढलंही. आता निम्मंसुद्धा येत नाही आणि प्रत्येक ठोक्याला वरची लाइन हादरते, सांधे गळतात.

कारण उघड आहे. ठोक्याचा धक्का झेलते ती टाकीतली हवा. दाबाखाली ती पाण्यात विरघळत जाते आणि टाकी पाण्याने भरते, म्हणून प्रत्येक ठोक्याला थोडी हवा आत ओढणारं बारीक छिद्र डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या (टाकीत पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) खाली ठेवतात. तुमच्या पंपाला ते नाहीच. टाकी रिकामी केली की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

हे आज सांगितल्यावर पलीकडून विचारलं, ‘‘मोटर किती एचपीची?’’ मोटर नाही म्हटलं. ‘‘मग लाइट कधी असते?’’ खोक्यावर तुम्हीच ‘विनावीज’ छापलंय, म्हटलं. मग दुसरे गृहस्थ आले. ‘‘खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी वाया जातंय ना? तोच फॉल्ट. तो बंद करून टाका.’’ अहो, त्या व्हॉल्व्हमधून पाणी वाहतं, वेग धरतं, व्हॉल्व्ह आपटून मिटतो आणि त्या धक्क्यानेच थोडं पाणी वर जातं. तो बंद म्हणजे पंप बंद! एवढं समजावलं, तर ‘‘काका, आम्हाला शिकवू नका’’ म्हणून फोन ठेवला. माझ्याच पैशाने घेतलेल्या पंपाबद्दल हे ऐकून घ्यायचं?

फ्रेंच संशोधक माँगोल्फिए यांनी हा पंप 1796 मध्ये केला. तो विकणाऱ्यांच्या माणसाला त्याचा व्हॉल्व्ह माहीत नसावा, याची चीड येते. वरून येणाऱ्या पाइपलाही तुम्ही एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, दिलात. लवचिक पाइप धक्का गिळतो, तिथे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइपच लागतो; तो मी पदरचे पैसे घालून आणला. तुमच्यावर भरवसा ठेवून वाडीतले आणखी दोघे हाच पंप घेणार होते. मी त्यांना थांबवलंय.

हवेच्या छिद्रासह नवी टाकी आणि जीआय पाइपचे पैसे पंधरा दिवसांत मिळाले नाहीत, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करीन. सुपारीला ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं, पावसाळ्यानंतरच्या आश्वासनाचा मला उपयोग नाही. छिद्र नसलेली टाकी बदलूनच हवी.

बिलाची प्रत आणि टाकीचा व्हिडिओ जोडलाय. माणूस पाठवाल तो हायड्रॅम उघडून पाहिलेला पाठवा.