मूळ श्रेणी कर्मचाऱ्यालाही दिसू द्या

महोदय,

वार्षिक मूल्यमापनाची पत्रे हाती पडू लागली की ऐरोली-महापे पट्ट्यातून सायंकाळी ठाण्याकडे येणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ‘तुला रेटिंग काय मिळालं?’ हा एकच प्रश्न ऐकू येतो. मी बारा वर्षे आयटी क्षेत्रात असून गेली चार वर्षे अकरा जणांच्या टीमचा प्रमुख आहे.

गेल्या वर्षी माझ्या टीममधील कोणाचेही काम अपेक्षेपेक्षा कमी नव्हते आणि तसे मी लेखी कळवलेही होते. तरीही ‘नॉर्मलायझेशन’ नावाच्या बैठकीत, ज्यांनी या अकरा जणांचे काम कधी पाहिलेले नाही अशा वरिष्ठांनी, बेल कर्व्ह (थोडे जण वरच्या श्रेणीत, बहुतेक मधल्या आणि थोडे तळाच्या, अशी आधीच ठरलेली वाटणी) जुळण्यासाठी तळाच्या श्रेणीत एक जण हवाच असा आग्रह धरला. प्रसूतिरजेवरून परतलेल्या सहकारी मुलीच्या नावावर कामाचे महिने कमी होते, एवढ्यावरून तिचे नाव पक्के झाले. तिच्या २६ आठवड्यांच्या रजेला कायद्याचा आधार आहे, हे कोणाला आठवले नाही, आणि मीही ते पुरेशा जोराने सांगितले नाही. तिला समोर बसवून मी जी कारणे सांगितली, ती आदल्या रात्री रचलेली होती.

हजारो माणसांना लागू पडणारा वक्र, मुलाखतींतून पारखून घेतलेल्या अकरा जणांवर लादणे हे गणिताच्या दृष्टीनेही चूक आहे. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्येच सोडून दिली. आपल्याकडे तर तिचे परिणाम त्या वर्षापुरतेही राहत नाहीत, कारण नवी कंपनी जुनी पगारपत्रिका मागून तिच्यावर टक्केवारीने वाढ देते आणि एका वर्षाची खालची श्रेणी पुढच्या नोकरीतही सोबत येते. (कॅलिफोर्नियात उमेदवाराला जुना पगार विचारण्यास २०१८ पासून कायद्याने मनाई आहे.)

पगारवाढीसाठीचा पैसा मर्यादित असतो, हे मान्य; पण मग तसे स्पष्ट सांगावे, त्यासाठी कोणाच्या कामाला नावे ठेवू नयेत. टीमप्रमुखाने दिलेली मूळ श्रेणी, बैठकीनंतरची अंतिम श्रेणी आणि बदलाचे कारण या तिन्ही गोष्टी कर्मचाऱ्याला लेखी मिळाव्यात, एवढीच मागणी आहे. आमच्या कंपनीत तरी त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. दोन्ही श्रेणी आजही प्रणालीत नोंदलेल्या असतात, फक्त पहिली कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर उघडत नाही.

– एक टीमप्रमुख, कळवा (ठाणे)