अर्ल मोरॉलचा हंगाम

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. १९७२च्या मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा विषय मी काढला, तर तू लिहिलंस की जो संघ एकदाही हरला नाही त्याच्या हंगामात सांगण्यासारखं काय असणार? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर चार ओळींत उरकणारं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

साखळीचे १४ सामने, बाद फेरीचे दोन आणि वर सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. १७ पैकी १७. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये हे त्याआधी कुणाला जमलं नव्हतं आणि नंतरही जमलेलं नाही. शिकागो बेअर्सने १९३४ आणि १९४२ मध्ये साखळी निर्धोक पार केली आणि दोन्ही वेळा अंतिम सामना घालवला. २००७च्या हंगामात न्यू इंग्लंड १८ सामने ओळीने जिंकून सुपर बोलला आला आणि जायंट्सकडून १७-१४ असा हरला. २०२३ला दहा सामने जिंकून आपण अहमदाबादला पोचलो होतो, तेव्हा शेवटच्या पायरीवर पाय घसरणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

मला मात्र तुला सांगायचंय ते अर्ल मोरॉलबद्दल. या खेळात क्वार्टरबॅक हा सगळ्या आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. फेकायचा की धावणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा, हे तो क्षणात ठरवतो. मायामीचा क्वार्टरबॅक होता बॉब ग्रीसी, तरुण आणि डोक्याने खेळणारा. १५ ऑक्टोबरला, पाचव्याच सामन्यात, चेंडू फेकता फेकता सॅन डिएगोचे धिप्पाड गडी त्याच्यावर येऊन आदळले. पाय मोडला, घोटा निखळला. बाकावरून उठून आला तो मोरॉल. वय ३८, व्यावसायिक खेळातलं सतरावं वर्ष. बाकीच्यांचे केस मानेवर रुळणारे, मिशा झुबकेदार. याचे मात्र फौजी कट मारलेले. बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला त्याच वर्षी सोडून दिलं होतं आणि मायामीचे प्रशिक्षक डॉन शूला यांनी १०० डॉलरच्या नाममात्र रकमेत उचललं होतं.

शूलांना तो नवा नव्हता. १९६८ मध्ये दोघेही बाल्टिमोरला होते. तेव्हाही मोरॉल जखमी जॉनी युनिटासच्या जागी आला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. समोर न्यूयॉर्क जेट्स, ज्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. पूर्वार्धाच्या शेवटी बाल्टिमोरचा जिमी ऑर गोल-रेषेजवळ एकटाच उभा राहून हात हलवत होता, त्याच्या आसपास एकही बचावपटू नाही. मोरॉलला तो दिसलाच नाही! त्याने चेंडू मधोमध फेकला आणि जेट्सने तो मधल्यामध्ये पकडला. बाल्टिमोर १६-७ हरलं. तो डाग त्या दोघांच्या नावाला चिकटला. आणि तो सामना झाला होता मायामीच्याच ऑरेंज बोल मैदानावर, जिथे चार वर्षांनी ग्रीसीच्या जागी मोरॉलला उतरावं लागलं. मैदान २००८ मध्ये पाडलं, आता तिथे बेसबॉलचं स्टेडियम आहे. त्या बाजूने गाडी गेली की मला अजूनही मोरॉल आठवतो.

पुढचे नऊच्या नऊ साखळी सामने त्याने जिंकून दिले. पहिलाच, बफेलोविरुद्धचा, २४-२३ असा एका गुणाने. नोव्हेंबरात तर गाठ जेट्सशीच पडली. त्या दिवशी मोरॉलला फेकायला कुणी मोकळा दिसेना, म्हणून गडी स्वतःच चेंडू घेऊन सुटला. ३८ वर्षांचा, पळण्यासाठी कधीच नावाजलेला नसलेला माणूस ३१ यार्ड धावला आणि चेंडू थेट गोल-रेषेपार, टचडाउन! सामना २८-२४ जिंकला. त्याचा मला झालेला आनंद तुला पत्रात कसा पोचवू?

एकट्याच्या जिवावर हे झालं नाही, हेही खरं. लॅरी झॉन्का माणसं अंगावर घेत धावायचा, मर्क्युरी मॉरिस त्यांना चुकवत. एकाच संघातल्या दोघांनी एका हंगामात हजार यार्ड गाठण्याची ती पहिली वेळ. बचावफळीतल्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत असं डॅलसचे टॉम लँड्री म्हणाले होते, त्यावरून तिला ‘नो-नेम डिफेन्स’ हेच नाव पडलं. वाट्याला आलेले बहुतेक संघ दुबळे होते, असा आक्षेप इथे अजून घेतला जातो. तो खोटा नाही, पण ३१ डिसेंबरचा पिट्सबर्गचा सामना पाहिलेल्याने तो घेऊ नये.

तेव्हा बाद फेरीचा सामना कुठे व्हायचा हे आळीपाळीने ठरे, म्हणून अपराजित असूनही मायामीलाच परक्या मैदानावर जावं लागलं. संघ मागे होता. लॅरी साइपल हा लाथेने चेंडू लांब धाडणारा खेळाडू. समोरचे गडी पाठ फिरवून मागे पळताना त्याला दिसले आणि त्याने लाथ मारलीच नाही, चेंडू बगलेत मारून ३७ यार्ड पळाला. त्यातून बरोबरी झाली. आणि उत्तरार्धात शूलांनी मोरॉलला बसवून बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवलं. ग्रीसीने पॉल वॉरफील्डला ५२ यार्डांचा पास दिला, सामना २१-१७ जिंकला. सुपर बोललाही ग्रीसीच.

सुहास, मी इथेच अडतो. निर्णय बरोबर ठरला, तरीही. अकरा सामने ज्याने सुरू केले आणि एकही गमावला नाही, त्याने सर्वांत मोठ्या दिवशी कडेला उभं राहायचं. मोरॉलने त्यावरून तमाशा केला नाही. माझ्या लेखी त्या संघाची थोरवी त्याच्या त्या वागण्यात आहे.

१४ जानेवारी १९७३चा सुपर बोल, लॉस एंजेलिस. वॉशिंग्टनविरुद्ध मायामी १४-०ने पुढे. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना सायप्रसमध्ये जन्मलेल्या गारो येप्रेमियनने फील्ड गोलसाठी, म्हणजे चेंडू खांबांमधून धाडून गुण मिळवण्यासाठी, लाथ मारली. चेंडू अडवला गेला आणि उसळून त्याच्याच हाती आला. खाली पडून राहायचं सोडून त्याने तो फेकायला हात उगारला. चेंडू हातातून निसटला, त्याने धडपडत वर टोलवला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने अलगद झेलून ४९ यार्ड धावत टचडाउन केला. १४-७. निर्धोक म्हणवल्या गेलेल्या हंगामाचा शेवट असा जीव टांगणीला लावणारा झाला. पुढे बचावफळीने वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकला पाडलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

मोरॉल २०१४ मध्ये गेला. नंतर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा सीटीई हा आजार शेवटच्या टप्प्याचा निघाला. जिम किक आणि बिल स्टॅनफिल या सहकाऱ्यांनाही सीटीई असल्याचं आढळलं. हे कळल्यापासून त्या जुन्या चित्रफिती पाहताना प्रत्येक टकरीला माझ्या पोटात गोळा येतो. पाहणं मात्र सुटत नाही, आणि या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही.

तू वर्षानुवर्षं कबड्डीचा संघ बांधतो आहेस, म्हणून तुलाच विचारतो. पिट्सबर्गला, उत्तरार्धात, तू मोरॉलला बसवलं असतंस का? सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश