नदीकडच्या तुकड्यात भाजी केली आहे

कोल्हापूर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा गप्प होतात आणि मलाही पुढचं सुचत नाही, म्हणून लिहिते. नदीकडच्या तुकड्यात ऊस तुटल्यावर बुडखे पुन्हा फुटू दिले नाहीत, खोडवा ठेवला नाही. पाच गुंठे मोडलेत, तेवढेच. बाकीचा ऊस जागेवर आहे, कारखान्याकडं नोंद झाली आहे, सभासदत्वाला धक्का नाही.

बाबा, २०१९ ला पंचगंगा आत शिरली ते मी विसरलेले नाही. पुरात भाजी टिकत नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. म्हणून तर पावसाळ्यात तिथं भाजी करणारच नाही. यंदा जूनमध्ये ताग पेरला आणि फुलावर येताना खत म्हणून मातीत गाडला. भाजी दसऱ्यानंतर, मिरगाच्या आत मोकळी. डॉक्टरांनी तुम्हाला पालेभाजी खायला सांगितली आणि घरची काळी जमीन असून आपण कपिलतीर्थ मार्केटातनं मेथी आणायची, हे मनाला पटेना.

आपली माती पाणी धरून बसते, म्हणून उंच गादीवाफे केलेत. मूठभर माती दाबून खाली सोडायची, गोळा फुटला तर वाफसा आला, तेव्हाच कुदळ लावायची, हे बाबा तुम्हीच बांधावर बसवून दाखवलं होतंत. मी तेव्हा त्याच मातीचे बेंदराचे बैल करायचे आणि तुम्ही ते सगळे घरी न्यायचा, शिंगं मोडलेलेसुद्धा.

मेथी चार दिवसांत वर आली. दोन पानं, एकाच्या टोकाला बियाचं साल अजून चिकटलेलं. धने रगडून, दोन फाका करून टाकलेत, त्यांना आठ-दहा दिवस लागतात. उसाचं वाळलेलं पाचट जाळलं नाही, वांग्याच्या रोपांभोवती अंथरलं. भर दुपारी त्याखाली हात घातला तर माती गार लागते. मावा दिसला की निंबोळी अर्क मारायचा, दहा लिटर पाण्याला अर्धा किलो भुकटी, रात्रभर भिजवून, गाळून.

घराची काळजी करू नका. सोप्यातली खाट हलवलेली नाही. न्हाणीत धरायला दांडी बसवली, बंबाला लाकडं फोडून ठेवलीत. आई, तुझी तुळस चांगली आहे.

आता ऐका. पुण्याची तपासणी होईपर्यंत बाबांनी यायचं नाही. यायचंच नाही असं नव्हे, तुमच्याशिवाय हे घर मलाही नको वाटतं. पण शेतात कुदळ धरायची नाही, बांधावर खुर्ची टाकून मला ओरडायचं. गोळी चुकवायची नाही. गुऱ्हाळाचा नवा गूळ दादाकडनं गुपचूप मागवायचा नाही, मला कळतं. आई, गुडघे दुखत असताना तू खाली बसून भाजी निवडू नकोस, वहिनीला सांग.

आणि घेवड्याचं बी राखेत घालून कुठल्या डब्यात ठेवलंयस ते कळव. माळ्यावरचे सगळे डबे काढून पाहिले, राळ्याचा सापडला, घेवड्याचा नाही. या आठवड्यात टोकायचं आहे.

तुमची,
धाकटी