परी हसण्यातून जन्मते की धुळीतून?

मा. संपादक, स.न.

आपल्या बालपुरवणीत अभिजात कथांच्या पूर्वकथांविषयी आलेले टिपण आवडले; त्यात ‘पीटर पॅन’ची पूर्वकथा सांगणाऱ्या ‘पीटर अँड द स्टारकॅचर्स’ या २००४ च्या कादंबरीचा उल्लेख मात्र हवा होता. पीटर पॅन आणि कॅप्टन हुक मुळात भेटले कसे, या स्वतःच्या मुलीच्या प्रश्नावरून रिडली पिअर्सन यांना ती सुचली आणि डेव्ह बॅरी यांच्यासह त्यांनी ती लिहिली. ‘नेव्हर लँड’ नावाच्या जुनाट जहाजावरचा अनाथ पीटर, तारकाधूळ नावाची जादुई धूळ भरलेली पेटी आणि त्या पेटीमागे लागलेले चाचे, हा भाग मुले खाली ठेवणार नाहीत.

अडते ते पुढे. जे. एम. बॅरी यांच्या मूळ कथेत पहिल्या बाळाचे पहिले हसू फुटून त्याचे हजार तुकडे होतात आणि त्यांतून पऱ्या जन्मतात; इथे मात्र तारकाधुळीच्या पिशवीत घातलेल्या पक्ष्याची टिंकर बेल ही परी होते. मूळचा पीटर, आपण मोठेपणी कोण होणार हे आईवडिलांच्या बोलण्यात ऐकून जन्मल्या दिवशीच पळतो, तर इथे त्याचे वाढणे थांबते ते त्याच धुळीमुळे. प्रत्येक कोड्याला एकच किल्ली लावल्याने गोष्ट वेगवान झाली खरी, पण त्या पळून जाण्यातली हुरहूर (जी मोठ्यांनाच अधिक बोचते) नाहीशी झाली. मुलांना आधी मूळ कथाच वाचून दाखवावी, असे मला वाटते.

– एक वाचक, सातारा