‘सगळे वाचले’ हे खरं नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातल्या राक्षसावरचा, म्हणजे नेसीवरचा लेख वाचला. मजा आली, नेसीच्या मागे लागून लोकांनी काय काय उद्योग केले ते झकास लिहिलंय. पण शेवटी चौकटीत, या शोधात तळ्यात दुसऱ्या महायुद्धातलं एक बॉम्बर विमान सापडलं आणि त्यातले सगळे वाचले होते, असं एका वाक्यात उरकलंय, तिथे मी अडखळलो. सगळे नाही वाचले हो. एक जण गेला.

ते विमान म्हणजे विकर्स वेलिंग्टन, नंबर एन २९८०, टोपणनाव आर फॉर रॉबर्ट. ३१ डिसेंबर १९४० ला स्कॉटलंडमधल्या लॉसीमथच्या विमानतळावरून ट्रेनिंगसाठी उडालं होतं, म्हणजे बॉम्ब टाकायला नाही, नॅव्हिगेशन शिकणाऱ्या पोरांना घेऊन. डोंगरावर बर्फाचं वादळ, त्यात उजवं इंजिन बंद पडलं, आणि या जुन्या वेलिंग्टनला एका इंजिनावर उंची धरून ठेवणं मुश्कील, खाली डोंगर, वर ढग, करणार काय. कॅप्टन होता स्क्वाड्रन लीडर मारवुड-एल्टन, त्याने बाकीच्यांना उड्या मारायला सांगितल्या. त्यात रिअर गनर, म्हणजे शेपटीतल्या बंदुकांवर बसणारा सार्जंट फेन्सम मेला, पॅराशूटने दगा दिला. मारवुड-एल्टन आणि त्याचा सहपायलट स्लॅटर मात्र विमानातच थांबले, ढगात जरा फट पडली, खाली लांबलचक पाणी दिसलं आणि विमान सरळ त्यावर उतरवलं. रबरी होडीत बसून दोघं काठाला लागले, विमान गेलं तळाला. शत्रूची एक गोळी नाही, काही नाही.

आता तुम्ही म्हणाल एका माणसाबद्दलच्या चुकीवर एवढं लांबलचक पत्र कशाला. तर माझा मुद्दा असा की ट्रेनिंगमध्ये मेलेला माणूस नेहमी असाच गाळला जातो. ब्रिटिश बॉम्बर कमांड, म्हणजे हवाई दलाची बॉम्बफेक करणारी शाखा, तिचे सव्वा लाख उडणारे लोक, त्यातले ५५,५७३ मेले, हा आकडा सगळीकडे छापतात आणि वाचणारा समजतो की सगळे जर्मनीवर पडले. तसं नाहीये, त्यातले पाच हजारांवर ट्रेनिंगमध्ये गेले, इंग्लंड-स्कॉटलंडच्या आपल्याच डोंगरांवर, आपल्याच धावपट्टीच्या टोकाला. कारण सोपं आहे, नवी विमानं लढणाऱ्या स्क्वाड्रनला आणि झिजलेली शिकणाऱ्यांना, वर वीस वर्षांची पोरं आणि तिथली हवा. शिकवणारे कोण, तर ३० मोहिमांची टूर, म्हणजे ठरलेली पाळी, पुरी करून ‘विश्रांती’ला पाठवलेले. जर्मनीच्या तोफांतून तीस वेळा परत आलेला माणूस शिकाऊ पायलटच्या शेजारी बसून मरायचा, आणि कागदावर तो विश्रांतीवर असायचा!

हे आर फॉर रॉबर्टसुद्धा तसं थकलेलंच. १८ डिसेंबर १९३९ ला जर्मन किनाऱ्याजवळच्या हेलिगोलँडच्या हवाई लढाईत ते होतं. त्या दिवशी भर उजेडात २२ वेलिंग्टन जर्मन किनाऱ्यावर गेली आणि १२ गमावली, त्यातून हे परत आलं, त्यानंतर इंग्रजांनी दिवसाचे हल्ले जवळजवळ सोडून रात्रीचा रस्ता धरला. एवढं बघून आलेलं विमान वर्षभरात पोरांना शिकवायच्या कामाला लागलं.

आणि क्रूचं पुढे काय झालं, हे लेखात यायला हवं होतं. अपघातातून वाचलं म्हणून कुणाला घरी पाठवत नव्हते. पुन्हा उडायला नकार दिला तर ‘नैतिक बळ नाही’ असा शिक्का कागदावर बसायचा, हुद्दा जायचा, त्यापेक्षा उडालेलं परवडलं असं किती जणांना वाटलं असेल देव जाणे. मारवुड-एल्टन तर पुढे ग्रुप कॅप्टन झाला, आता खुर्चीत बसला असता तरी चाललं असतं, पण १९४४ साली हॅलिफॅक्स बॉम्बर विमानातून मोहिमेवर गेला, विमान पाडलं गेलं आणि युद्धकैदी झाला. एकदा तळ्यात, एकदा शत्रूच्या मुलखात, दोन्ही वेळा जिवंत. (खाली जर्मन शहरांत जळालेल्या लोकांचं काय, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे, त्यावर मी इथे बोलत नाहीये.)

विमानाचंही सांगतो, कारण ते चौकटीत अर्धवट आलंय. १९७६ मध्ये नेसी शोधणाऱ्या अमेरिकन टीमच्या सोनारला, म्हणजे पाण्याखाली आवाजाने शोधणाऱ्या यंत्राला, ते दिसलं, आधी वाटलं कॅटालिना, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान आहे, मग कळलं वेलिंग्टन. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये जवळजवळ ७० मीटर खोलीतून वर काढलं. बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने आखलेला जाळीदार सांगाडा, टोपलीसारखा विणलेला, वरचं कापड बरंचसं गेलेलं पण जाळी तग धरून होती. आणि गंमत बघा, शेपटीच्या दिव्यांना बॅटरी जोडली तर ते लागले! पंचेचाळीस वर्षं थंडगार पाण्यात राहून. ११,४६१ वेलिंग्टन बनली त्यातली आज पूर्ण अशी दोनच उरलीत, त्यातलं हे इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या म्युझियममध्ये आहे, जिथे बनलं तिथेच.

हा दिव्यांचा किस्सा मी पंधरा ठिकाणी वाचलाय, सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. पण ते दिवे शेपटीचे, आणि शेपटीतली जागा रिअर गनरची. टरेट, म्हणजे बंदुकांची फिरती कोठडी, इतकं अरुंद की पॅराशूटची पिशवी अंगावर ठेवून बसता यायचं नाही, ती मागे विमानाच्या धडात अडकवलेली असायची, उडी मारायची तर आधी तिथपर्यंत हात पोचायला हवा. दिवे लागल्याचं लिहिताना तिथे कोण बसायचा हे कुणी लिहित नाही.

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी एक ओळ दुरुस्ती छापा, ‘सगळे वाचले’ऐवजी ‘सार्जंट फेन्सम सोडून’. चौकटीत तेवढी जागा होती, मी मोजून बघितली.

आपला,
एक जुना वाचक