शेतीसंरक्षणाच्या बंदुका जमा करताना तारतम्य हवे

महोदय,
सिंधुदुर्गात भात पिकायला आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा (भाताचे खाचर) लोळवतो. गेल्या वर्षी आमच्या शेतात सकाळी चिखलात रुतलेल्या लोंब्या आणि खुरांचे ठसे तेवढे उरले होते. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९च्या शस्त्र अधिनियमात आहे आणि ती रास्तच आहे. मात्र निवडणूक लागली की या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ज्यांच्यावर एकही गुन्हा नाही, अशा शेतकऱ्यांना छाननी करून वगळावे. त्याच वेळी, रात्री बॅटरीच्या उजेडात विनापरवाना बंदुका घेऊन शिकारीला जाणाऱ्यांची मुळीच गय करू नये, कारण डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने कोकणात माणसे दगावली आहेत.
– एक शेतकरी, कुडाळ