मर्ल ओबेरॉनला खोटारडी म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला हॉलिवूडची जुनी अँग्लो-इंडियन नटी मर्ल ओबेरॉन हिच्यावरचा लेख वाचला आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसलेय. अर्धं पान दिलंत, आभारी आहे. पण त्यात काय, तर ती कशी खोटं बोलली, आईला मोलकरीण म्हणून कसं वावरायला लावलं, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मले असं कसं सांगत राहिली. तिच्या कामावर दोन ओळी, त्याही शेवटी.

अहो, 1911 साली मुंबईत जन्मलेली, कलकत्त्यात वाढलेली, घरी क्वीनी म्हणून हाक मारायचे ती ही पोर 1935 च्या 'द डार्क एंजल'साठी ऑस्करच्या बेस्ट ॲक्ट्रेसच्या यादीत जाऊन बसली! तेव्हा भारतीय माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळत नव्हतं, ते 1946 पासून मिळायला लागलं. पडद्यावर गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायला बंदी होती आणि त्याच धाकाने आशियाई नट्यांनाही गोऱ्या हिरोची नायिका करत नसत. खरं सांगितलं असतं तर 'वदरिंग हाइट्स' सिनेमातली नायिका कॅथी तिला दिली असती का कुणी? फिल्म सोसायटीच्या शोला मी तो पाहिलाय. स्वयंपाकघरात ती घरातल्या मोलकरणीला, एलनला, मनातलं सांगते त्या सीनला माझ्या शेजारच्या बाई चणे खायच्या थांबल्या होत्या.

आणि तिच्यासाठी केलेल्या त्या दिव्याची लेखात एवढी चेष्टा कशाला? 1937 मध्ये लंडनला गाडीचा ॲक्सिडेंट झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले, ते दिसू नयेत म्हणून ल्यूसियन बॅलार्ड या कॅमेरामनने लेन्सजवळ लावायचा दिवा तयार केला, त्याला 'ओबी' नाव पडलं, पुढे तिने त्याच्याशी लग्नही केलं. गोरं दिसायची हौस म्हणे!

मला हे का टोचलं ते सांगते. 1981 मध्ये माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा आई मला दादरच्या एका फोटो स्टुडिओत घेऊन गेली. फोटोग्राफरने एक लाइट बाजूला, एक अगदी नाकासमोर लावला, पावडरचा डबा पुढे केला आणि आईला म्हणाला, "काळजी करू नका ताई, उजळ येईल." आला खरंच. फॉर्मवर वर्ण 'गव्हाळ' लिहिला, मी चांगली सावळी. मुलाकडचे आले, पोहे खाऊन झाले, मुलाच्या आईने पर्समधून तो फोटो काढला, माझ्या गालाशेजारी धरून बघितला आणि परत पर्समध्ये टाकला. कोणी काही बोललं नाही. नकार आठवड्याने आला, फोटो काही परत आला नाही. तेव्हा मी आणि माझी आई दोघीही खोटारड्याच झालो तुमच्या हिशोबाने.

1978 मध्ये टास्मानियातल्या होबार्टच्या महापौरांनी मर्लचा सत्कार ठेवला, आपला जन्म जिथे झालाच नाही त्या गावात जाऊन तिला 67 व्या वर्षी उभं राहावं लागलं. पुढच्या वर्षी ती गेली. तुमच्या लेखकाला यात गंमत वाटली, माझ्या पोटात तुटलं.

अजून एक राहिलंच. छापलेला फोटो मर्लचा नाही! ती 'गॉन विथ द विंड'ची नायिका व्हिव्हियन ली आहे. तीही इथलीच, दार्जिलिंगला जन्मलेली, पण साहेबाची मुलगी म्हणून जगाने तिला गोरीच मानलं, तिला जन्मगाव लपवायची वेळ आली नाही. 'वदरिंग हाइट्स'चा हिरो लॉरेन्स ऑलिव्हिए याला कॅथीच्या रोलमध्ये तीच हवी होती, तो रोल मर्लला मिळाला, आणि आता तिच्यावरच्या लेखात फोटो मात्र व्हिव्हियनचा! जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्यायला किती वेळ लागतो हो?

येत्या रविवारी मर्लचाच फोटो छापा आणि खाली जन्म मुंबई असं लिहा, एवढी विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे